सज्ञानाचे पालकत्व : डहाणू-तलासरीच्या इतिहासाच्या उजेडात



मूल हाताशी आले, चार पैसे मिळवू लागले, की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. पण काही घरांत मुलाला अठरा वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी जुनी काळजी संपत नाही. तिच्यात नव्या काळजीची भर पडते. मूल वयाने वाढलेले असते, अंगाने वाढलेले असते. पैसा मोजण्याची, कागद वाचून त्यावर सही करण्याची, कोण आपला आणि कोण लुबाडणारा हे ओळखण्याची शक्ती मात्र त्या मानाने वाढलेली नसते. आपल्याकडे १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेची सीमा अठरा वर्षांवर आखली आहे. ती ओलांडली की आईबापांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते. आई त्याला अजून भरवत असेल, आंघोळ घालत असेल. कायद्याच्या लेखी तो स्वतंत्र पुरुष आहे आणि त्याच्या नावे सही करण्याचा अधिकार तिला नाही. "आमच्यामागे याचे कोण?" हा प्रश्न अशा घरांत रोज पडतो, आणि बहुधा तो मोठ्याने विचारला जात नाही.

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर म्हणजे सज्ञान अपत्यासाठी पालक नेमणे. ते उत्तर कसे घडत गेले आणि ते स्वीकारताना कोणते भान ठेवावे, हे आज सांगायचे आहे. त्यासाठी मी डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे दोन तालुके निवडले आहेत. अशी मुले तिथेच अधिक आहेत असे मला सुचवायचे नाही. परंतु एखाद्या सज्ञान माणसाला अजाण ठरवून दुसऱ्याने त्याच्या वतीने निर्णय घेणे म्हणजे काय, याचा अनुभव या दोन तालुक्यांतील सबंध समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. तो अनुभव या प्रश्नात आपल्याला वाट दाखवू शकतो.

आधी कायद्याची हकीकत पाहू.

मनू आणि याज्ञवल्क्य या दोन्ही स्मृतिकारांनी जन्मांध, बहिरा, मुका, उन्मत्त आणि जड यांना वडिलोपार्जित धनात वाटा नाकारला. पण त्यांचे आयुष्यभर भरणपोषण करण्याचे कर्तव्य वाटा घेणाऱ्यांवर टाकले. ज्याच्या हाती मिळकत त्याच्या शिरावर सांभाळ, असा हा हिशेब होता. इंग्रजी न्यायालये उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा प्रमुख आधार मानीत. तेथील हिंदू कुटुंबांतही हाच दंडक चाले. तो किती उशिरापर्यंत टिकला हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९२८ च्या कायद्याने बहुतेक व्यंगांमुळे येणारी वारसाबंदी उठवली. अपवाद ठेवला तो जन्मापासून वेड्या किंवा जडबुद्धी असलेल्यांचा. म्हणजे आज आपण ज्या मुलाविषयी बोलत आहो, नेमका तोच दाराबाहेर राहिला. त्याला आत घेतले ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. हा कायदा अनुसूचित जमातींना मात्र लागू नाही. वारली, कोकणा, धोडी या समाजांत वारशाचा निर्णय आजही मूलतः रूढीने होतो.

इंग्रजी अमलाने या विषयात हात घातला तो १८५८ साली. त्या वर्षी वेड्यांसंबंधी तीन कायदे झाले. एक मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयांसाठी, दुसरा जिल्हा न्यायालयांसाठी, तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसाठी. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टने त्यांची जागा घेतली. या कायद्याच्या 'वेडा' या शब्दात जन्मतः जडबुद्धी असणारा माणूसही मोडत असे. पालक नेमण्याची सोय त्यात होती, पण जिल्ह्याच्या न्यायालयाला चौकशी करता येई ती त्या माणसाच्या नावे मिळकत असेल तरच. मिळकत असली की तिच्यासाठी व्यवस्थापक, देहासाठी पालक. मिळकत नसली की माणूस कायद्याला दिसतच नसे. दिसलाच तर 'ठाण्याला पाठवण्या'पुरता. आपल्या बोलीत ठाण्याच्या मनोरुग्णालयाला हे स्थान उगाच मिळालेले नाही.

तरीही त्या जुन्या कायद्यात शहाणपणाचा एक कण होता. जो माणूस वेड्याचा वारस आहे, त्याला सामान्यतः त्याच्या देहाचा पालक नेमू नये. नेमायचाच तर तसे करण्यात त्या माणसाचे हित कसे आहे, याची कारणे लिहून ठेवावीत, असे त्यात म्हटले होते. ज्याला एखाद्याच्या मरणाने लाभ होणार, त्याच्या हाती त्याचा जीव सोपवू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. कुंपणच शेत खाते हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

१९८७ साली मानसिक आरोग्य कायदा झाला आणि १९९३ पासून तो अमलात आला. त्याने १९१२ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ खुंटलेल्यांना वगळले. ते योग्यच झाले, कारण मतिमंदत्व हा आजार नव्हे. पण जुने दार बंद करताना नवे उघडले नाही. मनोरुग्णाला पालक मिळू शकत होता, अज्ञान बालकाला १८९० च्या कायद्याने मिळू शकत होता. अठरा वर्षांच्या पुढच्या मतिमंद मुलाला मात्र पालक देणारा स्वतंत्र कायदा देशात उरला नाही. ही पोकळी भरली ती ३० डिसेंबर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. त्यामागे देशभरच्या पालकसंघटनांचा रेटा होता. आपल्या भागात, बदलापूरच्या 'आधार' सारख्या संस्था त्याच दशकात उभ्या राहिल्या, त्यांच्या मुळाशीही "आमच्यामागे कोण?" हाच प्रश्न होता.

आता डहाणू-तलासरीकडे वळू.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये १९३६ साली काही मुलूख 'अंशतः वर्जित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले. ठाणे जिल्ह्यातले डहाणू व शहापूर तालुके आणि मोखाडा व उंबरगाव पेटे त्या यादीत होते. आजचा तलासरी तालुका हा त्या जुन्या उंबरगावचाच, १९६० साली महाराष्ट्राकडे राहिलेला भाग. वर्जित क्षेत्र म्हणजे काय? इथले लोक अजाण आहेत, इतरांसाठी केलेले कायदे त्यांना जसेच्या तसे पेलणार नाहीत, म्हणून कोणता कायदा इथे लावावा आणि कोणता लावू नये हे गव्हर्नर ठरवील. सबंध तालुक्याला नेमलेला हा पालकच म्हणायचा. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु हा पालक मुंबईत राहत होता, आणि पाड्यावर दुसराच एक 'मायबाप' बसला होता. तो म्हणजे सावकार-जमीनदार.

त्या मायबापाने काय केले ते सरकारनेच नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३८ च्या सुमाराच्या अहवालात नमूद आहे. वारल्याची जमीन कर्जापोटी गेली आणि तो स्वतःच्याच शेतावर कूळ झाला. वेठ होती. लग्नासाठी उसने घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायको जन्माचे चाकर होत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. या सगळ्याला कागदाचा आधार असे आणि कागदाखाली अंगठा असे. अंगठा देणारा सज्ञान होता, शहाणा होता, जंगल आणि शेती त्याला सावकारापेक्षा कितीतरी अधिक कळत होती. पण त्याला वाचता येत नव्हते, आणि तेवढ्यावर त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्याच्या हाती गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नेतृत्व त्यांना लाभले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मृत्युमुखी पडले. तरीही वेठ आणि लग्नगडी गेली. आपले हित आपल्याला कळते, एवढेच त्या माणसांना सांगायचे होते.

पण हकीकत इथे थांबत नाही. वेठ गेली तरी जमिनी हातून जातच राहिल्या. म्हणून १९७४ साली महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. या कलमाचे स्वरूप बारकाईने पाहा. जमीन शेतकऱ्याचीच राहते. ती कसायची कशी, भात लावायचे की नागली, हे तोच ठरवतो. ज्या एका व्यवहारात तो फसवला जाण्याचे भय सर्वांत मोठे, तेवढ्यातच दुसऱ्याची संमती आवश्यक ठरते. या बंधनाचाही जाच होतो. नडीच्या वेळी परवानगीसाठी खेटे घालणाऱ्याला तो विचारून पाहावा. परंतु गव्हर्नरचे पालकत्व दूरचे होते, सावकाराचे सर्वंकष होते, आणि हे तिसरे एका कामापुरते आहे. माझ्या मते सज्ञान अपत्याच्या पालकत्वाचा सगळा विवेक या तीन प्रकारांतल्या फरकात आहे.

आता घरात येऊ. पाड्यावरच्या एकत्र कुटुंबात असे मूल सांभाळायला कायदा लागत नसे. गुरांमागे जाणे, पाणी-लाकूड आणणे, धाकट्यांवर लक्ष ठेवणे यांत त्याचा दिवस जाई. आईमागे भावजय त्याला वाढून देई. त्याच्या नावे कागद नव्हता, म्हणून सहीचा प्रश्न नव्हता. ही व्यवस्था दोन बाजूंनी ढासळली. एक म्हणजे घर रिकामे होऊ लागले. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून किंवा उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी कोणाकोणाला सांभाळावे? दुसरी गोष्ट म्हणजे कागद घरात आला. वनहक्काचे दावे आले, निराधार अनुदानासाठी बँकेचे खाते आले. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग यांच्यासाठी याच तालुक्यांतून जमिनी घेतल्या गेल्या, आणि मोबदला सातबारावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जमा होऊ लागला. सातबारावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे असतात. अज्ञान पालन कर्ता असा त्यांचा अर्थ. त्यापुढे आईचे किंवा बापाचे नाव. मूल अठराचे झाले की या अक्षरांचा अर्थ संपतो. ज्याला व्यवहार कळत नाही असा सज्ञान सहहिस्सेदार जेव्हा तलाठ्यापुढे किंवा बँकेत उभा राहतो, तेव्हा एक तर काम अडते, नाही तर कोणी तरी त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवतो. अंगठ्याचा हा इतिहास आपण नुकताच पाहिला.

राष्ट्रीय न्यास कायद्याने दिलेली वाट अशी आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविध अपंगत्व या चार अवस्थांना तो लागू आहे. केवळ मनोविकार असलेल्यांना तो लागू नाही. जात, धर्म, जमात यांचा भेद त्यात नाही. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंग असलेली एक व्यक्ती अशी तिघांची स्थानिक समिती असते. आईबाप किंवा नातेवाईक अर्ज करतात आणि पालक म्हणून आपल्या पसंतीचे नाव सुचवतात. अठरा वर्षांपुढच्या अपत्यासाठी आईबाप स्वतःचेच नाव देऊ शकतात. वकील आणि न्यायालयाच्या तारखा यांतून गरिबाची सुटका व्हावी, हा यामागचा हेतू. २००७ साली रिझर्व्ह बँकेनेही या समितीचा दाखला मानण्याविषयी बँकांना कळवले.

समितीने दोन प्रश्न विचारावेत असे कायदा सांगतो. या माणसाला पालकाची गरज आहे का? असल्यास कोणत्या कामांसाठी? पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यायची असते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. कोंडून ठेवणे, साखळीने बांधणे, मारहाण, उपासमार, मिळकतीचा अपहार यांना नियमांत छळ किंवा हेळसांड म्हटले आहे, आणि अशा पालकाला दूर करण्याचा अर्ज करता येतो. कागदावरची ही तरतूद उत्तम आहे. तिचा उपयोग अंतरावर अवलंबून राहिला. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत डहाणू-तलासरीचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे होते. त्या दिवशी पालघर जिल्हा झाला आणि वाट पुष्कळ कमी झाली. तरी तलासरीला रेल्वे स्थानक नाही. अशा मुलाला घेऊन, एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटी आणि गाडी करत पालघर गाठायचे ही सोपी गोष्ट नव्हे. दूरचा पालक पालक नसल्यासारखाच, हा १९३६ चा धडा इथेही लागू पडतो. समितीने वर्षातून एक-दोन वेळा तरी डहाणूस आणि तलासरीस येऊन बसावे, आणि त्याची दवंडी ग्रामसभेत द्यावी, असे मला वाटते.

कायद्याचे चक्र आणखी एकदा फिरले. त्यामागची एक घटना आपल्याच राज्यातली आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात करण्यात आल्या. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्या देहाचा प्रश्न होता त्या मुली कोणत्याच कागदावर नव्हत्या. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सौम्य मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या गर्भाचा निर्णय तिच्या संमतीवाचून घेता येणार नाही. दरम्यान संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला होता. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून आणि तिच्या इच्छेला धरून दोघांनी मिळून घ्यायचा निर्णय, असे त्याचे स्वरूप आहे. एवढेच नव्हे, तर अन्य कोणत्याही कायद्याने नेमलेला पालकही यापुढे मर्यादित पालकच समजला जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्यांना पूर्ण आधाराशिवाय निभावणारच नाही, त्यांना तोही देता येतो. पण त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा लागतो. आणि ज्या व्यवहारात आधार देणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतला असेल, त्यात त्याने बाजूला व्हावे.

येथे आक्षेप येतो. "ज्याला बोलता येत नाही त्याची इच्छा कशी कळणार?" याचे उत्तर याच मातीत आहे. तलासरी तालुक्यातल्या धामणगावी १९३४ साली जन्मलेले जिव्या सोमा म्हसे पुढे डहाणूजवळच्या गंजाडला राहिले. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा गेली आणि कित्येक दिवस ते मातीत चित्रे काढूनच आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे त्यांच्या हातून वारली चित्रकला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक मुका मुलगा चित्रकार होईल असे मला म्हणायचे नाही. बोलणे बंद असले म्हणून सांगणे बंद असते असे नाही, आणि पाहणाऱ्याला ते पाहता आले पाहिजे, इतकेच. आपल्या मुलाला कोणाच्या हातचे जेवण गोड लागते, कोणाच्या सावलीला तो बिचकतो, हे आईला ठाऊक असते. पालक निवडताना तीच त्याची साक्ष समजावी.

मग निवड कशी करावी? अजिबात पालक नको, असे म्हणणाऱ्यांचा आदर्श मला मोलाचा वाटतो. पण मोबदल्याची रक्कम खात्यात पडल्यावर दारी येणारे नातेवाईक आदर्शाने थोपवता येत नाहीत. उलट सगळेच अधिकार एकाच्या हाती द्यावेत, म्हणजे कटकट मिटली, असे म्हणणाऱ्यांनी सावकाराचा इतिहास आठवावा. माझे म्हणणे मधले आहे. आधी कामे मोजावीत. दर महिन्याचे अनुदान घेऊन बाजार करणे सोबतीने जमत असेल, तर त्यासाठी पालक नको. जमिनीचा हिस्सा, मोबदला, कुटुंब निवृत्तिवेतन, मोठी शस्त्रक्रिया, अशा कामांसाठी मागावा. सख्खा भाऊ हा मायेने सर्वांत जवळचा. पण सातबारावर त्याचाही हिस्सा असतो. त्याला देहाच्या सांभाळासाठी सुचवावे, आणि जमिनीच्या कागदासाठी बहीण, मामा किंवा विश्वासाची संस्था पाहावी. १९१२ च्या कायद्यातला तो शहाणपणाचा कण आजही जपण्यासारखा आहे. आईबाप धडधाकट असतानाच अर्ज करावा. ती दोघे गेल्यावर भावांच्या भांडणात पालक नेमला जाणे हे त्या मुलाचे दुर्दैव. जमाखर्चाला अविश्वास समजू नये, कारण चांगल्या पालकाचीही अब्रू हिशेबानेच राखली जाते.

डहाणू-तलासरीच्या माणसांनी आपल्यावरचे न मागितलेले पालकत्व झुगारले, आणि नंतर ज्या एका जागी आधार हवा होता तिथे तो कायद्याकडून मागून घेतला. या दोन गोष्टींत विरोध नाही; दोन्ही एकाच स्वाभिमानातून आल्या. आपल्या घरातला जो सज्ञान आपल्यासाठी असे भांडू शकत नाही, त्याच्या वतीने अर्जावर सही करताना आईबापांनी या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेत त्याचे आहे; कुंपण घालायचे ते शेतासाठी, आणि जिथून गुरे शिरतात तेवढ्याच बाजूला.